इंगलशमची भिंत आणि दुरुस्तीचा वाद

चर्च ऑफ इंग्लंडकडे आज सुमारे १६,००० चर्च आहेत आणि त्यांतली १२,००० हून जास्त संरक्षित इमारतींच्या यादीत आहेत. आभाळात घुसलेले मनोरे त्यांत आहेत, रंगीत काचांनी भरलेल्या भिंती आहेत, लोकरीच्या व्यापारात गबर झालेल्यांनी पैसा ओतून उभी केलेली, गावाच्या अंगाला न मावणारी चर्चही आहेत. एवढ्या पसाऱ्यातून, ज्या पुस्तकाचे हे परीक्षण आहे त्याच्या लेखिकेने निवडले ते इंगलशमचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट. विल्टशरच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, कोल्न नदी टेम्सला मिळते तिथून जवळच, कुरणांच्या कडेला हे चर्च उभे आहे. त्याला मनोरा नाही. पश्चिमेच्या बाजूला छपराच्या टोकावर दोन घंटांपुरती दगडी चौकट आहे, एवढेच. भोवतीचे मध्ययुगीन गाव केव्हाच उठून गेले. रोजच्या वापरातले चर्च म्हणून त्याचे आयुष्य विसाव्या शतकात संपले आणि आता चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट ही संस्था त्याची देखभाल करते. अशी साडेतीनशेहून अधिक चर्च या संस्थेच्या पदरात आहेत.

लेखिकेची ही निवड मला पटते. जुन्या इमारतीला हात लावायचा तर किती आणि कसा, यावर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कडाक्याचे भांडण झाले. त्या भांडणात जी बाजू ‘शक्यतो हात लावू नका’ म्हणत होती, तिने प्रत्यक्षात काय केले असते ते इंगलशमला पाहायला मिळते. त्या बाजूचा म्होरक्या विल्यम मॉरिस काही मैलांवर केल्मस्कॉटला राहत असे आणि या चर्चवर त्याचा जीव होता.

पण त्याआधी इमारतीकडे वळू. मध्ययुगीन इंग्लिश पॅरिश चर्चचे मुख्य भाग दोन. लोक जमतात तो लांबट भाग म्हणजे नेव्ह; त्याच्या पूर्वेला, मोठ्या कमानीपलीकडे, पुरोहिताचा आणि वेदीचा भाग म्हणजे चॅन्सल. आपल्या देवळातला सभामंडप आणि गाभारा डोळ्यांपुढे आणला की रचनेचे मर्म ध्यानात येते. वस्ती वाढली की नेव्हची बाजूची भिंत फोडून तिच्या जागी खांब आणि कमानी घ्यायच्या आणि पलीकडे पडवी काढायची, अशी ही चर्च वाढत गेली. कमानीखाली लाकडी जाळीचा पडदा, त्याच्या वर क्रूसावरचा येशू. मध्ययुगाच्या सुरुवातीच्या शतकांत बाकेही फारशी नसत. लोक उभे राहत किंवा गुडघे टेकत.

या विभागणीमागे पैशाचा हिशेबही होता, आणि चर्चवरच्या पुस्तकांत तो हटकून मागे पडतो. नेव्हची दुरुस्ती गावकऱ्यांनी करायची आणि चॅन्सलची रेक्टरने, म्हणजे गावाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा ज्याच्या घरात जाई त्याने, असा रिवाज होता. गावाला बरकत आली की नेव्ह उंच होई, त्याला वरच्या अंगाला खिडक्यांची रांग मिळे. रेक्टर मात्र हात आखडता घेई. एकाच चर्चमध्ये टोलेजंग नेव्ह आणि त्याच्या मागे दबून बसलेले चॅन्सल असे जे दृश्य जागोजागी दिसते, त्याचा उलगडा पुष्कळदा सौंदर्यदृष्टीत नसून या वाटणीत असतो. पुढे आठव्या हेन्रीने मठ मोडले, मठांकडचे हक्क जमिनींबरोबर खासगी मालकांकडे गेले आणि चॅन्सल दुरुस्त करण्याची जबाबदारी त्या जमिनींना चिकटून राहिली. ती अजून पुरती सुटलेली नाही. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँट्लो गावात एका दांपत्याकडे शेत आले, आणि त्या शेतामागून चर्चच्या चॅन्सलच्या दुरुस्तीचे बिलही आले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. २००३ साली निकाल दांपत्याच्या विरोधात लागला आणि दुरुस्तीचा आकडा अखेरीस दोन लाख पौंडांच्या घरात पोचला. वकिलांची फी वेगळी.

इंगलशमचे चर्च बहुतांशी तेराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. त्याच सुमाराला जॉन राजाने इथली जहागीर आपण स्थापलेल्या ब्यूलीच्या सिस्टर्शियन मठाला दिली. जागा मात्र त्याहून जुनी. मांडीवर बाळ येशू घेतलेली मरिया आणि वरून आशीर्वाद देणारा परमेश्वराचा हात, असे एक सॅक्सन शिल्प इथे आहे. आज ते आत भिंतीत बसवलेले दिसते, पण पूर्वी ते दक्षिणेच्या बाहेरच्या अंगाला होते. त्या काळात कुणीतरी त्यावर छायाघड्याळ खोदले. दक्षिणेची भिंत, दिवसभराचे ऊन आणि हाताशी आलेला सपाट दगड. प्रार्थनेची वेळ पाहायला आणखी काय हवे? शिल्पाचे पावित्र्य आणि घड्याळाची सोय यांत त्या माणसाला काही विरोध वाटलेला दिसत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पावसापाण्यापासून वाचवायला आत आणले गेले.

शेजारच्या गावांचे नशीब वेगळे. लेचलेडचे चर्च पंधराव्या शतकात नव्याने बांधले गेले. फेअरफर्डला जॉन टेम या लोकर-व्यापाऱ्याने १४९० च्या दशकात जुने चर्च जवळजवळ सगळे पाडून नवे उभारले आणि त्यात बसवलेल्या २८ खिडक्यांच्या रंगीत काचा आजही जागेवर आहेत. इंगलशमला असा धनवंत भेटला नाही. म्हणून तेराव्या शतकातले बांधकाम तसेच राहिले. गरिबीने इमारत राखली, असे कौतुकाने म्हणायची हल्ली पद्धत आहे. पण गरिबीने राखलेल्या एका इमारतीमागे गरिबीनेच पाडलेल्या कितीतरी असतात, हे विसरून चालणार नाही.

पुस्तकाचा गाभा ज्या प्रकरणात आहे ते भिंतींचे प्रकरण. मध्ययुगात अशा चर्चच्या आतल्या भिंती रंगवलेल्या असत. पांढऱ्या चुन्यावर गेरूच्या तांबड्या रेघा ओढून रेखीव दगडी बांधकामाचा भास आणायचा, मध्ये एखादे फूल काढायचे, आणि मोक्याच्या जागी संतांची चित्रे किंवा अखेरच्या न्यायाच्या दिवसाचा देखावा. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत चित्रे आणि मूर्ती हटवण्याचे हुकूम सुटले, आणि गावोगावच्या गवंड्यांनी सगळ्यात स्वस्त मार्ग धरला: चित्रांवर चुन्याचा हात दिला. नंतर त्या कोऱ्या भिंतींवर अक्षरे आली. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, बायबलमधली वचने, नक्षीदार चौकटींत लिहिलेली. पन्नास-साठ वर्षांत अक्षरे मळली की पुन्हा चुना, पुन्हा अक्षरे. इंगलशमला काही ठिकाणी असे सात थर मोजता येतात. सगळ्यात खालचे तेराव्या शतकातले, वरचे एकोणिसाव्या.

आज त्या भिंतीसमोर उभे राहिले की हे सगळे एकदम अंगावर येते. इथे तांबडी रेघ. तिच्यावर काळी, टोकदार वळणाची अक्षरे, शब्द अर्ध्यात तुटलेला. त्याच्या कोपऱ्यावर दुसऱ्या शतकातली चौकट चढलेली. तिच्या आत गोल वळणाची, बऱ्याच नंतरची अक्षरे. कुठली ओळ कुठल्या थरातली हे कळायला वेळ लागतो. लेखिकेने एका भिंतीचा थरवार नकाशा काढून दिला आहे. तो हाताशी ठेवूनच हे प्रकरण वाचावे. खाली सतराव्या-अठराव्या शतकांतली बाके आहेत. बाजूंना कमरेपर्यंत फळ्या आणि आत शिरायला दार, अशी ती बॉक्स प्यू. शेजारी छत असलेले जुने लाकडी प्रवचनपीठ, आणि पंधराव्या शतकातले जाळीचे लाकडी पडदेही शाबूत.

या एकाच खोलीतल्या निरनिराळ्या शतकांचा एकोणिसाव्या शतकात बऱ्याच लोकांना राग येत होता. १८३९ साली केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने केंब्रिज कॅमडेन सोसायटी निघाली. चर्च कसे असावे याबद्दल या मंडळींची मते ठाम होती. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली शैली तेवढी निर्मळ. त्याआधीची कच्ची, नंतरची बिघडलेली. बॉक्स प्यू तर त्यांच्या डोळ्यांत खुपत. तो राग अगदीच अनाठायी नव्हता: पैसेवाली घराणी आपापली बाके राखून ठेवत आणि गरिबांना मागे, वाऱ्यावर बसावे लागे. त्यांच्या ‘द इक्लिझिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकाचा दरारा असा की, त्यात टीका छापून येऊ नये म्हणून वास्तुविशारद जपून असत. पुढच्या तीन-चार दशकांत हजारो मध्ययुगीन चर्चचा ‘कायापालट’ झाला. बाके निघाली, सतराव्या शतकातल्या खिडक्या काढून त्यांच्या जागी चौदाव्या शतकातल्या वाटाव्यात अशा नव्याकोऱ्या खिडक्या बसल्या, आणि भिंती खरवडल्या गेल्या.

या खरवडण्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. मध्ययुगातल्या पाथरवटाने घडीव दगड खिडकीच्या चौकटीला, कोपऱ्याला आणि खांबांना वापरला. मधली भिंत ओबडधोबड दगडांची रचली, कारण तिच्यावर गिलावा येणार हे ठरलेलेच होते. व्हिक्टोरियन दुरुस्तीकारांना उघडा दगड ‘खरा’ वाटे. गिलावा निघाला, त्याच्याबरोबर त्याच्या अंगावरची सहाशे वर्षांची चित्रेही निघाली, आणि दगडांच्या दर्जा सिमेंटने भरून काढल्या गेल्या. घडीव दगडही सुटला नाही. त्याचा झिजलेला पृष्ठभाग पुन्हा छिनून ‘ताजा’ केला गेला. मूळ कारागिराच्या टाकीचे घाव गेले आणि एकोणिसाव्या शतकातल्या मजुराचे राहिले. अशी चर्च आजही ओळखू येतात. आत शिरताच एक कोरडा, करडा थंडपणा जाणवतो. मध्ययुग म्हणजे असेच काहीतरी, अशी समजूत करून घेऊन पर्यटक बाहेर पडतात.

या कामांतले सगळ्यात मोठे नाव सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबईकरांना त्याचे काम रोज दिसते. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर हे सगळे त्याच्या आराखड्यांवरून झाले; स्वतः तो मुंबईत कधी आला नाही. इंग्लंडमध्ये शेकडो जुन्या इमारतींवर त्याने हात फिरवला. मॉरिसच्या भक्तांनी त्याला खलनायक करून टाकले आहे, आणि या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणातही त्याचा थोडा वास येतो. पण स्कॉटने १८५० साली चर्चची दुरुस्ती मूळ वास्तूशी इमान राखून व्हावी असे सांगणारे पुस्तकच लिहिले होते. वेल्समधल्या सेंट डेव्हिड्ससारख्या ठिकाणी ढासळू लागलेला मनोरा त्याने सावरला नसता तर आज तिथे वाद घालायला मनोराच उरला नसता. त्याचे चुकले ते वेगळ्या जागी. इमारतीच्या आयुष्यात एक ‘खरा’ क्षण असतो, तो अभ्यासाने ओळखता येतो आणि बाकीचे पुसून तो परत आणता येतो, असे त्याला मनापासून वाटे. अभ्यास जितका पक्का, तितके पुसणे निर्धास्त.

जॉन रस्किनने १८४९ सालीच, ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात, अशा पुनरुद्धाराला सरळ विध्वंस म्हटले होते. १८७४ साली ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने देऊ केलेले सुवर्णपदक त्याने नाकारले, तेही जुन्या इमारतींची ही नासधूस डोळ्यांपुढे असताना. पण रस्किनचा संताप ग्रंथांत राहिला. त्याची संघटना केली ती मॉरिसने. १८७६ साली केल्मस्कॉटहून जाता-येता त्याने बर्फर्डच्या चर्चमध्ये चाललेले काम पाहिले. काम होते जॉर्ज एडमंड स्ट्रीटचे. गंमत अशी की, मॉरिस आणि त्याचा मित्र फिलिप वेब दोघेही तरुणपणी याच स्ट्रीटच्या कचेरीत काम करून गेले होते. मॉरिसने तिथल्या धर्मगुरूकडे तक्रार केली तेव्हा, चर्च माझे आहे, मनात आले तर मी त्यात खाली डोके वर पाय करून उभा राहीन, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. गोष्टीला मीठमसाला लागला असेल. मालकी हक्काचा मुद्दा मात्र त्या धर्मगुरूने नेमका पकडला होता.

मार्च १८७७ मध्ये ट्यूक्सबरीच्या प्राचीन चर्चवर स्कॉट काम सुरू करणार अशी बातमी आली. मॉरिसने ‘ॲथेनियम’ साप्ताहिकाला पत्र लिहिले, आणि त्याच महिन्यात सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज स्थापन झाली. खरवडण्याच्या विरोधात म्हणून सोसायटीला ‘अँटी-स्क्रेप’ असे टोपणनाव पडले. तिच्या जाहीरनाम्याचे सार असे: रोजची निगा राखून पडझड थोपवा, भिंत कलत असेल तर टेकू द्या, छप्पर गळत असेल तर झाका, पण ही मदत मदतच दिसली पाहिजे, तिने जुनेपणाचे सोंग आणू नये, आणि इमारत आजच्या गरजेला पुरत नसेल तर दुसरी बांधा, हिला मोडू-वाकवू नका. मॉरिसला याची झळ स्वतःला सोसावी लागली. त्याच्या कंपनीचा मोठा धंदा चर्चच्या रंगीत काचांचा होता; १८७७ नंतर जुन्या चर्चमध्ये नव्या काचा बसवण्याची कामे त्याने घेणे थांबवले. तत्त्वासाठी गिऱ्हाईक सोडणारे लोक सगळीकडेच कमी असतात, म्हणून हे नोंदवले.

इंगलशमचे काम १८८८-८९ सालचे. वास्तुविशारद होते जॉन थॉमस मिकलथ्वेट. हे चक्क स्कॉटचे शिष्य आणि पुढे वेस्टमिन्स्टर ॲबीचे वास्तुपाल. पैसे उभे करण्यात आणि काम पुढे रेटण्यात मॉरिसचा हात होता, आणि चर्चमधल्या एका पाटीवर तसे नोंदवलेलेही आहे. या कामाचे वर्णन करणे अवघड, कारण त्यातले बरेचसे न करण्याचे आहे. बाके काढली नाहीत. गिलावा खरवडला नाही. भिंतींना ओळंबा लावून सरळ केले नाही. पडायला आलेले सावरले, पाण्याला आत येण्यापासून अडवले, आणि कारागीर बाहेर पडले. त्या काळात इंग्लंडमधल्या कुठल्याही सुखवस्तू गावाने असल्या दुरुस्तीवर पैसे वाया गेले म्हणून बोंब मारली असती.

सोसायटीच्या हाताखाली पुढच्या दशकांत तयार झालेली कामाची रीत लेखिकेने चांगली उलगडली आहे. दगड झिजून खड्डा पडला तर तिथे हुबेहूब नवा दगड घडवून बसवायचा नाही. भाजलेल्या मातीच्या पातळ कौलांचे थर चुन्यात रचून तो खड्डा भरायचा. लांबून भिंत सलग दिसते. जवळ गेले की कुठे आणि कधी ठिगळ लागले ते लहान पोरालाही कळते. शंभर वर्षांनंतर काम करणाऱ्याला जुने कोणते आणि नवे कोणते याचा शोध घेत बसावे लागत नाही.

चुन्याचे प्रकरण आपल्याकडच्या वाचकाने सावकाश वाचावे. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. पाण्यात विरवला की उकळतो, फुगतो आणि त्याचे लोण्यासारखे मऊ मिश्रण होते. भिंतीत बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. चुन्याच्या दर्जा दगडापेक्षा मऊ असतात आणि त्यांतून ओल बाहेर पडते. झिजायचे तर दर्जा झिजाव्यात, दगड नाही. दर काही वर्षांनी त्या पुन्हा भराव्यात, हा त्यातला हिशेब. सिमेंटने हा हिशेब उलटा होतो. सिमेंट घट्ट, ओल अडवणारे. पाणी मग दगडातून वाट काढते, लोणा लागतो, थंडीत आतल्या पाण्याचा बर्फ होऊन दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा आणि मधले दगड मात्र आत गेलेले, अशी भिंत एकदा पाहिली की पुढे कुठल्याही जुन्या वाड्याच्या भिंतीकडे नजर आपोआप तशीच जाते.

याच संदर्भात लेखिकेने गोव्याचा विषय काढला आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. जुन्या गोव्याचे बॉम जेझस १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये अर्पण झाले. बांधकाम जांभ्याचे, वर चुन्याचा गिलावा. १९५० च्या दशकात पोर्तुगालमधल्या स्मारकांच्या कामावर असलेल्या बाल्ताझार कास्त्रो यांनी तो गिलावा काढून टाकला. लाल दगड उघडा पडला आणि वास्तू अधिक ‘पुरातन’ दिसू लागली. आज बहुतेक पर्यटकांना तो लाल रंगच मूळचा वाटतो. पण कोकणात घर बांधलेल्या कुणालाही विचारा, उघड्या जांभ्याचे मुसळधार पावसात काय होते ते. दगड दरवर्षी झिजतो आहे, आणि गिलावा पुन्हा करावा अशी मागणी खुद्द चर्चच्या बाजूनेही झाली. तरी निर्णय सोपा नाही, कारण सत्तर वर्षांत लाल बॉम जेझस हीच त्याची ओळख बनली आहे. लेखिका या प्रश्नावर दोन्ही बाजू मांडून थांबते. मी थांबणार नाही: गिलावा करावा. ओळख फोटोतून बनते, भिंत पावसात उभी असते.

आता एका मतभेदाबद्दल. इंगलशमच्या भिंतीला लेखिका प्रामाणिकपणाचा नमुना मानते: कुणी काही निवडले नाही, काळाने जे ठेवले ते तसेच ठेवले. मला हे पुरते पटत नाही. आज दिसणारी ती भिंत कुठल्याच शतकातल्या माणसाने पाहिलेली नाही. तेराव्या शतकातल्या शेतकऱ्याला तांबड्या रेघा दिसल्या, सतराव्या शतकातल्या त्याच्या वंशजाला काळी अक्षरे. दोन्ही एकत्र आपल्यालाच दिसतात. खालचा थर उघडा करायचा तर वरचा काढावा लागतो. मध्ययुगातले चित्र शोधणाऱ्याने अठराव्या शतकातली अक्षरे खरवडली की तो स्कॉटचेच काम करतो, फक्त लहान हत्याराने. कुठे थांबायचे ते कुणीतरी ठरवले, म्हणजे निवड झाली. मॉरिसच्या बाजूचे मोठेपण निवड न करण्यात नाही. निवड करताना पुढच्याला ती उलगडता येईल एवढी जागा ठेवण्यात आहे. शास्त्रीय संवर्धन करणाऱ्यांनाही हा धडा महागात मिळाला. १९२० आणि ३० च्या दशकांत इंग्लंडमधल्या अनेक भित्तिचित्रांवर संरक्षणासाठी मेणाचा थर दिला गेला. हेतू उत्तम होता. मेणाने भिंतीतली ओल कोंडली, चित्रे काळवंडली, आणि पुढच्या पिढीची बरीच वर्षे ते मेण उतरवण्यात गेली.

आज अशी चर्च कशी तगून आहेत हे सांगणारी शेवटची दोन प्रकरणे काहींना रुक्ष वाटतील. १९५५ च्या कायद्यापासून चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी जाणकार वास्तुविशारदाकडून तपासणी करून घ्यावी लागते. साधे बाक हलवायचे झाले तरी बिशपच्या प्रांतातल्या न्यायाधिकाऱ्याची परवानगी लागू शकते. छपरावरचे शिसे चोर नेतात, कारण भंगारात त्याला भाव आहे. वटवाघळांना कायद्याने हात लावता येत नाही, आणि त्यांच्या मुतामुळे पितळ व चित्रे डागळतात. निसर्गप्रेमी आणि इतिहासप्रेमी यांची गाठ इथे पडते आणि चहाच्या टेबलावरचे सभ्य इंग्लिश भांडण सुरू होते. इंगलशमसारख्या, स्वतःचे उपासक नसलेल्या चर्चला तर पन्हळीत अडकलेली पाने काढायला शिडी घेऊन येणारा माणूसही बाहेरूनच मिळवावा लागतो.

पुस्तक क्रमाने वाचायलाच हवे असे नाही. ज्यांना इतिहासात रस आहे त्यांनी भिंतींच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. आपल्या गावातल्या जुन्या देवळाच्या, चर्चच्या किंवा दर्ग्याच्या कमिटीवर जे बसतात, त्यांनी मात्र आधी सातवे प्रकरण उघडावे. त्यात पन्हळ, चर, छपराचा उतार आणि भिंतीच्या पायाशी साचणारी माती यांच्या आकृत्या आहेत, आणि ऑइलपेंटचा डबा उघडण्याआधी विचारायच्या प्रश्नांची एक यादी आहे.